नामदार गोपाळ कृष्ण गोखले

छत्रपती संभाजीनगरातील शहागंजच्या बाजारास आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ वाचकांचे जाणे-येणे असते. तेल, डाळ, गूळ घेताना प्रत्येकजण भावाची घासाघीस करितो. मिठाचे नाव मात्र यादीच्या शेवटी येते व त्याच्या भावाकडे कोणी फारसे पाहत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. तेव्हा हे शहर औरंगाबाद या नावाने निजामाच्या राज्यात होते व इंग्रज सरकारचे कायदे येथे चालत नसत. तथापि इंग्रजी हद्दीतील मिठागरांतून मीठ बाहेर पडे तेव्हाच सरकार त्यावर कर घेई, आणि तेथून देशावर येणाऱ्या मिठाच्या किमतीत तो कर मिळालेला असे. म्हणजे कलकत्त्यास ठरलेला कर शहागंजातील हमालाच्या भाकरीवरही बसे, व त्याविषयी एक शब्द बोलण्याची सोय त्या हमालास नव्हती. कलकत्त्याच्या त्या सभेत अशा माणसांच्या वतीने वर्षानुवर्षे बोलणारे जे एक मराठी गृहस्थ होते, त्यांचे चरित्र आज वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात साध्या नोकरीवर होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरिली व त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. कुटुंबाने ७ रुपयांत भागवावे आणि एका मुलाने ८ रुपयांत शिकावे, हा हिशेब आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. गोखले १८८४ साली बी. ए. झाले व पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्या काळी पदवीधरास सहज मिळत असे. ती न पत्करता त्यांनी दरमहा ७५ रुपयांवर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व घेतले आणि १९०२ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालू होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांस त्यांनी गुरू मानिले, व सरकारी अहवालांतील आकडे कसे वाचावे ही विद्या त्यांजपासूनच घेतली.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग येथे थोडा विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण पुढील सर्व कामगिरीवर त्याची छाया आहे. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. वय अवघे तीस. साक्ष व उलटतपासणी दोन्ही उत्तम झाली. त्याच वेळी इकडे पुण्यात प्लेगची साथ होती व घरोघरी तपासणीसाठी गोरे सोजीर नेमिले होते. त्यांच्या वर्तनाविषयी पुण्याच्या स्नेह्यांनी गोखल्यांस पत्रे लिहिली. त्यांत स्त्रियांवर अत्याचार झाल्याचाही मजकूर होता. मित्रांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी ती हकीकत तेथील वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली. पार्लमेंटात गवगवा झाला. मुंबई सरकारने पुरावा मागितला. इकडे २२ जूनला पुण्यात रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली होती आणि शहरात धरपकड सुरू झाली होती. गोखले परत आले तेव्हा पत्रे लिहिणारांपैकी कोणीही नाव उघड करू देण्यास तयार नव्हता, आणि नावे सांगून त्यांस संकटात लोटणे गोखल्यांस मान्य नव्हते. पुरावा तर हाती नाही! तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांतून गव्हर्नर व प्लेगच्या कामावरील सोजीर यांची जाहीर व पूर्ण माफी मागितली.

या माफीने दोन्ही बाजू त्यांजवर तुटून पडल्या. सरकारपक्षाने त्यांस खोटा आरोप करणारा ठरविले, व स्वकीयांनी भित्रा म्हटले. त्या वर्षअखेरीस अमरावतीस भरलेल्या काँग्रेसमध्येही पुष्कळांनी त्यांजकडे पाठ फिरविली. सोजिरांच्या वर्तनाविषयी तक्रारी इतरांनीही केल्या होत्या, आणि त्या सर्व निराधार होत्या असे आम्हांस वाटत नाही. गोखल्यांची चूक एवढीच, की जे आपणांस सिद्ध करता येणार नाही ते त्यांनी सिद्ध झाल्याप्रमाणे छापिले. पुढच्या वर्षी प्लेग पुन्हा आला तेव्हा हेच गोखले स्वयंसेवक घेऊन पुण्याच्या त्याच गल्ल्यांतून रोग्यांच्या मदतीस फिरत होते. आणि त्यानंतर आयुष्यभर, हाती आकडा असल्यावाचून त्यांनी सभेत तोंड उघडिले नाही.

डिसेंबर १८९९ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले, व दोन वर्षांनी सर फिरोजशहा मेहता यांच्या रिकाम्या जागी वरिष्ठ कायदे कौन्सिलात, म्हणजे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे करणाऱ्या सभेत, गेले. नामदार ही पदवी तेथूनच त्यांच्या नावास चिकटली. ही सभा आजच्या लोकसभेसारखी होती असे कोणी समजू नये. तीत सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत कायद्यानेच ठरलेले असे. अंदाजपत्रकावर सभासदांनी बोलावे, पण मत देता येत नसे. सामान्य रयतेस तर मतदानाशी काही संबंधच नव्हता. मुंबई कौन्सिलातील मूठभर बिनसरकारी सभासदांनी आपल्यातला एक पाठवावा, इतकीच निवडणूक. अशा सभेत जाऊन काय साधणार, असे त्यांच्या काळीही लोक विचारीत, व प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता.

मार्च १९०२ मध्ये अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणात त्यांनी याचे उत्तर दिले. सरकारच्या तिजोरीत कोट्यवधी रुपयांची शिल्लक पडली होती व देश भरभराटीस आल्याची ती खूण म्हणून अधिकारी तीकडे बोट दाखवीत. गोखल्यांनी दाखवून दिले की दुष्काळ आणि प्लेग यांनी रयत पिचली असता जी शिल्लक पडते, ती भरभराटीची नसून जादा कराची होय. १८९३ साली सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देण्याचे बंद केले व रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने चढविला. त्यामुळे विलायतेस द्यावयाच्या रकमेसाठी सरकारास कमी रुपये लागू लागले. परंतु शेतकऱ्याकडून सारा पूर्वीइतकेच रुपये मोजून घेतला जाई, आणि तो रुपया मिळविण्यास त्यास आता अधिक धान्य विकावे लागे. हा गुंता त्यांनी इतक्या स्पष्टपणे सोडवून दाखविला की विरुद्ध बाजूच्या लोकांनीही कान टवकारले.

जादा पैसा आहे तर प्रथम मिठावरचा कर कमी करा, अशी त्यांची मागणी होती. १८८८ पासून हा कर मणामागे अडीच रुपये होता. मीठ श्रीमंतास लागते तितकेच गरिबास लागते, किंबहुना ज्याच्या ताटात भाकरीखेरीज काही नाही त्यास अधिकच लागते. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर, आणि १९०७ साली एक रुपयावर. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दर वर्षी मार्च महिन्यात हा शिक्षक आकड्यांचे कागद घेऊन उभा राहणार, हे अर्थमंत्र्यास ठाऊक असे.

सरकारशी भांडणारे हे गृहस्थ स्वकीयांशीही भांडत. एप्रिल १९०३ मध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्य मानिलेल्या लोकांच्या स्थितीविषयीचा ठराव त्यांनी मांडिला. दक्षिण आफ्रिकेत गोरे लोक हिंदी माणसांस हीन वागवितात म्हणून आपण संतापतो. मग आपल्याच गावच्या वेशीबाहेर आपण काय चालविले आहे, हा रानड्यांनी पूर्वी विचारलेला प्रश्न त्यांनी तेथे पुन्हा पुढे ठेविला. कुत्र्यामांजरास शिवलेले चालते आणि माणसास शिवलेले चालत नाही. तोच माणूस ख्रिस्ती होऊन कोट-टोपी घालून आला की त्याच्याशी हस्तांदोलन करण्यास हरकत राहत नाही, ही विसंगतीही त्यांनी उघड केली. आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांच्या ज्या आठवणी आम्ही ऐकल्या, त्यांवरून ते हस्तांदोलन इतके स्वस्त नव्हते असे आम्हांस नमूद करावे लागते. खेड्यातील पाणवठा कोट घातल्याने खुला होत नसे. परंतु सवर्णांच्या सभेत, सवर्ण वक्त्याने, त्या काळी हे बोलणे लहान गोष्ट नव्हती.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. सभासदाने स्वतःसाठी द्रव्य मिळवू नये, समाज देईल तेवढ्या अल्प वेतनावर राहावे व आयुष्य देशसेवेत घालवावे, अशा शपथा त्यात असत. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. टिळक व गोखले यांच्या पक्षांतील वाद व १९०७ साली सुरतेस झालेली फाटाफूट यांविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही त्यात भर घालीत नाही.

आता ज्या कार्यात त्यांचा उघड पराभव झाला, त्याकडे वळू. १९११ च्या शिरगणतीत ब्रिटिश हिंदुस्थानात व संस्थानांत मिळून शंभरात जेमतेम सहा माणसांस लिहिता-वाचता येत होते; स्त्रियांत तर शंभरांत एक. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याची सुरुवात व्हावी असा ठराव गोखल्यांनी मार्च १९१० मध्ये आणिला. विचार करू, असे आश्वासन मिळाल्यावर तो परत घेतला आणि १६ मार्च १९११ रोजी कायद्याचा मसुदाच सभेपुढे ठेविला. यापूर्वी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाची हीच मागणी केली होती, आणि बडोद्यास सयाजीराव महाराजांनी ती अमलातही आणिली होती.

मसुदा अत्यंत सावध होता. काहींच्या मते फारच सावध. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेत पाठविण्याची सक्ती नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने, तेही प्रांतिक सरकारच्या परवानगीने, आपल्या हद्दीत करावी. जेथे शंभरांत सुमारे ३३ मुले आधीच शाळेत जातात तेथेच ती असावी. मुलींस ती मागाहून लागू करता यावी. ज्या पालकाची प्राप्ती महिना १० रुपयांपेक्षा अधिक नाही, त्याजकडून फी घेऊ नये. खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थेने सोसावा.

वर्षभर हा मसुदा प्रांतोप्रांती मतासाठी फिरला. पैसा नाही, लोकांस सक्ती आवडणार नाही, असे अधिकारी म्हणाले. जमीनदारांस भीती वाटली की पोरे शाळेत गेली तर गुरे कोण राखील. हे कारण वाचून आमच्या ग्रामशिक्षक बांधवांस हसू येईल, कारण पटावर नाव आणि रानात पोर, हा अनुभव त्यांस आहे. १८ व १९ मार्च १९१२ असे दोन दिवस वाद चालला. मसुदा फेटाळला जाणार हे गोखल्यांस आधीच ठाऊक होते, आणि तसे त्यांनी सभेत सांगूनही टाकिले. तरी एकेका आक्षेपास त्यांनी उत्तर दिले. मते मोजली तेव्हा अनुकूल १३ व प्रतिकूल ३८ भरली. विरुद्ध मत देणारांत हिंदी सभासदही होते.

पाच वर्षांनी, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांस तसा अधिकार मिळाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचा हक्क म्हणून साऱ्या देशास लागू होणारा कायदा मात्र २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

परदेशी मळ्यांत व खाणींत करारबंद होऊन गेलेल्या मजुरांचा कैवारही त्यांनी घेतला. त्यांच्या १९१० च्या ठरावानंतर नाताळात मजूर पाठविणे १ जुलै १९११ पासून बंद झाले. १९१२ च्या ऑक्टोबरात ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. करार संपलेल्या हिंदी मजुरावर तेथे वर्षास तीन पौंडांचा कर होता. तो रद्द होईल अशी समजूत मंत्र्यांशी झालेल्या बोलण्यावरून त्यांनी करून घेतली. कर रद्द झाला नाही, तेव्हा १९१३ साली गांधींच्या नेतृत्वाखाली मजुरांनी संप केला. गोखले आजारी असताही देशभर वर्गणी जमवीत राहिले. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातील मिशनरी चार्ल्स अँड्र्यूज यांस त्यांनीच तिकडे धाडिले. १९१४ साली तो कर उठला.

मधुमेहाने व हृदयाच्या विकाराने त्यांचे शरीर तोपर्यंत पोखरले होते. १९१४ साली सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारिला. १९१५ च्या फेब्रुवारीत, नुकतेच स्वदेशी परतलेले गांधी पुण्यास भेटीस आले, तेव्हा समाजाच्या आवारात त्यांच्यासाठी बोलाविलेल्या मंडळींत येतानाच गोखल्यांस घेरी आली. तरी कार्यक्रम थांबवू नका असा निरोप त्यांनी पाठविला. याच दिवसांत मुंबईच्या गव्हर्नरांच्या सूचनेवरून ते राज्यकारभाराच्या सुधारणांची एक योजना पेन्सिलीने लिहून काढीत होते. १९ फेब्रुवारी रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. स्मशानात टिळकांनी त्यांजविषयी गौरवाचे भाषण केले. गांधी तेव्हा बंगालात शांतिनिकेतनास होते; तेथे तार पोहोचली आणि ते पुण्यास निघाले.