चष्म्याचा व्यवसाय करणाऱ्या मावळच्या माणसाने उभं केलं संग्रहालय : काका केळकर यांची गोष्ट

पुण्यात बाजीराव रोडवर, शुक्रवार पेठेत नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नाव वाचून बऱ्याच जणांना वाटतं की हे कुठल्या तरी राजाचं संग्रहालय असणार. आत सिंहासन असेल, मुकुट असतील, हिरे-माणकं असतील. तसं काही नाही. यातला राजा म्हणजे एक लहान मुलगा होता. आणि संग्रहालयात जपून ठेवलेल्या बहुतेक वस्तू तुमच्या-आमच्या आजी-पणजीच्या घरातल्या आहेत. दिवे, अडकित्ते, विळ्या, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे.

हे सगळं एका माणसाने जमवलं. त्याच्यामागे ना संस्थान होतं ना मोठी कंपनी. ते म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. पुण्यात सगळे त्यांना काका केळकर म्हणायचे.

मावळात जन्म, पुण्यात व्यवसाय

काकांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा. गाव करंजगाव, मावळ तालुक्यात कामशेतजवळ. म्हणजे हा माणूस मूळचा खेड्यातलाच. पुढे पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. लोकांना नीट दिसावं म्हणून चष्मे द्यायचे, हा पोटापाण्याचा धंदा. दुसरी ओढ होती कवितेची. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहायचे, आणि त्या काळच्या मराठी वाचकांना हे नाव चांगलं परिचयाचं होतं.

कवितेसोबत जुन्या काळाचं वेड होतं. 1920 च्या सुमारास काकांनी वस्तू गोळा करायला सुरुवात केली. त्या वेळी जुनं म्हणजे काय, तर तलवार, ढाल, नाणं, राजेरजवाड्यांचं चित्र, अशीच समजूत होती. घरातल्या अडकित्त्याला कोण इतिहास म्हणणार? काकांनी मात्र नेमका तोच इतिहास धरला. लढाया वर्षातून काही दिवस होतात, चूल रोज पेटते. त्या चुलीपाशी, देव्हाऱ्यात, ओसरीवर, न्हाणीघरात माणसं कोणत्या वस्तू वापरत होती, हे त्यांना जपायचं होतं.

घराघरातून वस्तू बाहेर पडत होत्या

काळही तसाच होता. आधी रॉकेलचे कंदील आले, मागून वीज आली. समई देवापुरती उरली, बाकीचे दिवे माळ्यावर गेले. तांब्या-पितळेच्या जागी जर्मनची आणि पुढे स्टीलची भांडी आली. कल्हई लावायचा खर्च वाचला, घासायचा त्रास वाचला, म्हणून घरच्या बाईला ती बरीच वाटली. त्यात तिची काही चूक नव्हती. पण मग जुनं पितळ जायचं कुठे? मोडीत. तिथे वजन बघतात, नक्षी बघत नाहीत. दोनशे वर्षांची दीपलक्ष्मी आणि चेपलेला तांब्या एकाच तराजूत आणि एकाच भट्टीत.

वाड्यांचंही तेच झालं. वाटण्या झाल्या, माणसं शहरात गेली, वाडे पडले. कोरीव दरवाजे, खांब, महिरपी यांचं सरपण व्हायला वेळ लागला नाही.

कापडाची गोष्ट तर याहून वाईट. लुगडं विरलं की त्याची गोधडी होते, गोधडी विरली की फडकं होतं. त्यामुळे साध्या माणसाचं जुनं कापड सहसा उरतच नाही. आणि भारी कापड उरलं तरी त्याची जर त्याच्या मुळावर येते. जुन्या पैठणीच्या जरीत खरी चांदी असायची. बोहारीण किंवा जरवाला यायचा, पैठणी घ्यायचा, मोबदल्यात भांडं नाहीतर थोडे पैसे द्यायचा. पुढे ती पैठणी जाळून चांदी काढली जायची. विणकराने महिनोन् महिने हातमागावर बसून काढलेले मोर आणि आसावली घटकाभरात राख.

या मोडीच्या आणि भट्टीच्या आधी पोचायचं, हेच काकांचं काम झालं. ते गावोगाव फिरले. आधी महाराष्ट्र, मग गुजरात, राजस्थान, पार दक्षिणेपर्यंत. व्यवसायात कमावलेला पैसा वस्तूंमध्ये गेला. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. घर वस्तूंनी भरत असताना संसार चालवायचा, आलेली प्रत्येक वस्तू सांभाळायची, हे काही सोपं काम नव्हे. संग्रहालयाचं श्रेय देताना कमलाबाईंचं नाव मागे ठेवून चालणार नाही.

राजा गेला

केळकर दांपत्याला राजा नावाचा मुलगा होता. तो लहानपणीच गेला.

असं दुःख आलं की माणूस हातातलं काम टाकून देतो. काकांनी टाकलं नाही. जमवलेलं सगळं त्यांनी मुलाच्या नावाने उभं केलं. म्हणून संग्रहालयाच्या नावात राजा आधी येतो, बाप मागून येतो. वंशाचं नाव चालावं म्हणून आपल्याकडे लोक काय काय करतात. इथे बापाने मुलाचं नाव चालवलं, आणि तेही सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या दारावर.

कोथरूडचा महाल शुक्रवार पेठेत

काकांच्या जिद्दीचं एक उदाहरण आजही संग्रहालयात उभं आहे. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. पुढे त्याची पडझड झाली. त्याचे जे लाकडी भाग हाती लागले ते काकांनी आणले आणि संग्रहालयात जोडून मस्तानी महालाचं दालन पुन्हा उभं केलं. मस्तानीवर सिनेमे निघाले, गाणी गाजली. पण तिच्या महालाच्या खऱ्या लाकडाजवळ उभं राहायचं असेल तर इथेच यावं लागतं.

1960 च्या सुमारास काकांकडे सुमारे 15 हजार वस्तू जमल्या होत्या. 1962 मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. आणि 1975 मध्ये काकांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं. या वस्तूंना तोपर्यंत चांगली किंमत आली होती. देशात-परदेशात जुन्या भारतीय वस्तूंचे शौकीन तयार झाले होते. काकांनी एकेक वस्तू विकली असती तरी पैसा कमी पडला नसता. ज्याने पन्नासेक वर्षं स्वतःच्या खिशातून वस्तू घेतल्या, त्याने शेवटी सगळं लोकांना देऊन टाकलं. आपल्याकडे बांधाच्या हातभर जागेवरून सख्खे भाऊ वीस वर्षं कोर्टात जातात. हे देणं केवढं मोठं आहे, ते त्यावरून समजावं.

दिल्यानंतरही काका थांबले नाहीत. संग्रह वाढत वाढत 20 हजारांच्या पुढे गेला. पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, भारत सरकारने पद्मश्री दिली. 17 एप्रिल 1990 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी, काका गेले.

बघायला गेलात तर काय बघाल

एसटीने स्वारगेटला उतरलं की संग्रहालय फार लांब नाही. रिक्षाने काही मिनिटांत पोचता येतं. निघण्याआधी वेळ आणि तिकीट फोन करून विचारून घ्यावं. जागेअभावी संग्रहातल्या थोड्याच वस्तू मांडलेल्या आहेत, साधारण अडीच हजार. पण तेवढ्या बघायलाही अर्धा दिवस हाताशी ठेवा. बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत.

आधी दिवे बघा. समया, लामणदिवे, पक्ष्यांच्या आणि हत्तीच्या आकाराचे दिवे. एका वातीसाठी केवढा विचार केलाय ते दिसेल.

मग अडकित्ते. सुपारी कातरायचं साधं अवजार. पण कारागिराने त्याला कुठे पोपटाचं, कुठे घोड्याचं रूप दिलंय. पाय घासायची वजरीसुद्धा नुसता खडबडीत तुकडा नाही, तिच्या मुठीवर नक्षी आहे, पक्षी बसवलाय.

घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी जास्त वेळ काढावा. खोबरं खोवायच्या खोवण्या, विळ्या, साचे, डबे बघताना यातलं बरंच ओळखीचं निघेल. नातवंडांना ती कशी वापरायची हे सांगायला तिथल्या पाटीपेक्षा आजी जास्त कामाची. म्हणून शाळेची सहल जाते तशी घरातली म्हातारी माणसंही न्या. जिने चढायला लागतात, तेवढं ध्यानात ठेवा.

वाद्यांचं दालन आहे. कपडे आणि भरतकाम आहे. कोरीव लाकडी दरवाजे आहेत. आणि पैठणची चित्रकथीची चित्रं आहेत, ती चुकवू नका. टीव्ही-मोबाईल नव्हते तेव्हा चित्रकथी गावात यायचे, एकेक चित्र धरून रामायण-महाभारताची कथा गाऊन सांगायचे. त्याच कुळातली परंपरा सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी आजवर टिकवली आहे. संग्रहालयातलं चित्र बघून झालं की हेही आठवावं, कारण तिथे ती कला कपाटात नाही, माणसांच्या हातात आहे.

एक गोष्ट सगळीकडे जाणवेल. वस्तूंजवळ बनवणाऱ्याचं नाव नाही. तांबट, कासार, लोहार, सुतार, कोष्टी, कुंभार, चितारी, या लोकांनी आपल्या कामावर नाव घातलंच नाही. आणि त्यांच्या वस्तू वाचवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी टोपणनाव घेतलं होतं ते अज्ञातवासी.

आपल्या माळ्यावर काय आहे?

काका केळकरांचं मोठेपण सांगून हात जोडले आणि मोकळे झालो, तर उपयोग नाही. कारण त्यांच्या काळात जे चालू होतं ते आजही चालू आहे. जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधताना पहिल्यांदा माळा रिकामा होतो. भंगारवाल्याची गाडी दारात उभी असते. बैलगाडीची चाकं, पायली, आठवा, शेर, मापटं, जातं, पाटा, मोट, लाकडी तिफण, घोंगड्याचा माग, सगळं एका फेरीत जातं. हॉटेलवाले शोभेसाठी नेतात, बाकीचं वितळतं नाहीतर जळतं.

प्रत्येकाने संग्रहालय काढावं असं कुणी म्हणत नाही. पण हातात स्मार्टफोन आहे. वस्तू विकायचीच असेल तर आधी तिचा फोटो काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की याला काय म्हणायचे, कशासाठी वापरायचे, कुणी केलं, कुठल्या बाजारातून आणलं. ते बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. वस्तू मागाहून कुठे ना कुठे पुन्हा मिळेलही, पण तिचं नाव सांगणारं माणूस गेलं की ते नाव परत मिळत नाही. गावच्या शाळेत एक खोली, नाहीतर एक कपाट रिकामं असेल तर पाच-दहा घरांतल्या वस्तू तिथे चिठ्ठी लावून ठेवता येतील. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर खर्चही फार नाही.

आणि जुनी मूर्ती किंवा देवळातली वस्तू कुणी अनोळखी माणूस चांगली किंमत देऊन मागत असेल तर सावध राहा. शंभर वर्षांपूर्वीच्या अशा वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि त्या खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे.

करंजगावात जन्मलेल्या एका माणसाने चष्म्याच्या व्यवसायावर घर चालवत 20 हजारांवर वस्तू वाचवल्या. आपल्या वाट्याला एखादी जरी आली, आजीचा अडकित्ता म्हणा, आजोबांची पायली म्हणा, तरी ती या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात घालू नका.