थर्मास घराघरांत पोहोचला, पण तो बनवणाऱ्या शास्त्रज्ञाला त्याचे पैसे मिळालेच नाहीत!

दवाखान्यात डबा न्यायचा असो की रात्रीचा लांबचा प्रवास, चहाचा थर्मास सोबत हवाच. पण हे भांडं मुळात चहासाठी बनलंच नव्हतं! ते बनलं होतं उणे १८३ अंश सेल्सियसला उकळणाऱ्या द्रवरूप ऑक्सिजनसारख्या अतिथंड द्रवांसाठी.

ते बनवणारे जेम्स ड्युअर २० सप्टेंबर १८४२ रोजी स्कॉटलंडमधल्या किनकार्डिन इथे जन्मले. लहानपणी ते बर्फ फुटून गोठलेल्या पाण्यात पडले आणि दीर्घकाळ आजारी राहिले. त्या काळात ते व्हायोलिन बनवायला शिकले. हातातलं हे कसब पुढे प्रयोगशाळेत कामी आलं.

१८७७ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी वायूंना थंड करून त्यांचे द्रव बनवले. अडचण एकच होती. खोलीतल्या उष्णतेने हे द्रव बघता बघता उकळून उडून जात.

उपाय काय काढला?

१८९२ मध्ये ड्युअर यांनी एका काचपात्रात दुसरं पात्र बसवलं आणि मधली हवा काढून टाकली. उष्णता पुढे सरकायला हवा किंवा एखादा पदार्थ लागतो. मध्ये काहीच नसेल तर तिची वाट अडते. प्रारणाने येणारी उष्णता परतवण्यासाठी काचेवर चांदीचा मुलामा दिला. लोकर, बूच, भुसा यांपेक्षा ही रिकामी जागाच सरस उष्णतारोधक ठरली! १८९८ मध्ये त्यांनी हायड्रोजनही द्रवरूप केला, सुमारे उणे २५३ अंशांवर.

मग चुकलं कुठे?

ड्युअर यांनी पेटंटच घेतलं नाही. १९०४ मध्ये एका जर्मन कंपनीने हेच भांडं ‘थर्मॉस’ नावाने बाजारात आणलं. ड्युअर कोर्टात गेले, पण हरले. नोबेलसाठी अनेकदा नाव सुचवलं गेलं, पण तेही हुकलं. २७ मार्च १९२३ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचं नाव मात्र टिकलं. प्रयोगशाळेत अशा भांड्याला आजही ‘ड्युअर’च म्हणतात. गावात गाईच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनचा जो कॅन आणतात, तोही याच तत्त्वावर चालतो. पैसा कंपनीला मिळाला, पण विज्ञानाने नाव ड्युअर यांचंच ठेवलं!