विश्लेषण : गाडीच्या एसीतला ‘गॅस’ शोधणारा मिजली कोण होता?

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या महागणपतीला जाणाऱ्या गाड्यांची जालना-भोकरदन रस्त्यावर रीघ लागते. गर्दीत गाडी रांगू लागली आणि एसीतून गरम हवा आली, की ‘गॅस संपला’ असे आपण म्हणतो. हा गॅस गाडीत आला तो थॉमस मिजली या अमेरिकी संशोधकामुळे.

मिजली कोण होता?
जन्म 1889, पेनसिल्व्हेनिया. 1911 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून तो मेकॅनिकल इंजिनीअर झाला. पुढे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली जनरल मोटर्ससाठी संशोधन करू लागला.

पहिला शोध कोणता?
पेट्रोल इंजिनमधील ठोके, म्हणजे नॉकिंग, थांबवण्यासाठी त्याने 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले. ठोके थांबले, पण कारखान्यांत विषबाधेने कामगार दगावले. मिजलीलाही शिशाची बाधा झाली. तरीही 1924 मध्ये त्याने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून ते निर्धोक असल्याचे दाखवले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले.

गॅस कसा सापडला?
तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे घातक वायू असत. गळती झाली की जिवावर बेतायचे. 1928 मध्ये मिजली आणि सहकाऱ्यांनी न पेटणारा, विषारी नसलेला वायू तयार केला. तोच फ्रिऑन, म्हणजे आर-12. 1930 मध्ये मिजलीने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. पॅकार्ड कंपनीच्या 1940 च्या मॉडेलपासून कारमध्ये एसी आला, तो याच वायूवर.

शेवट कसा झाला?
1940 मध्ये मिजलीला पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्याने दोर आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. 1944 मध्ये त्याच दोरांत अडकून तो गेला. वय 55.

मग आर-12 का गेला?
हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, असा इशारा मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये दिला. मिजलीच्या हयातीत ही शंका कुणालाच आली नव्हती. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगासमोर आले, 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. 1992 मध्ये भारतही त्यात सामील झाला. गाड्यांत आर-134ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त प्रभावी आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?
एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला, तर पैसे आणि वायू दोन्ही हवेत जातात.

आधी केबिन फिल्टर तपासा, समोरच्या कंडेन्सरवरची धूळ काढा, पंखा फिरतो का ते बघा. गाडी पळताना गार आणि थांबल्यावर गरम हवा येत असेल, तर बहुधा पंखा किंवा कंडेन्सरचे दुखणे असते. हीटरचा या गॅसशी संबंध नाही, तो इंजिनच्या गरम कूलंटवर चालतो. पावसात काचेवर आतून वाफ धरली तर मात्र एसी लावा, तो हवेतला ओलावा शोषतो.