काउंट टॉल्स्टॉय आणि त्यांची खेड्यांतील शाळा

निबंधाचा तास म्हटला कीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या अंगावर कांटा उभा राहतो. विषय फळ्यावर लिहिलेला असतो, कोरी वही पुढें असते, पण पहिलें वाक्य कांहीं केल्या सुचत नाहीं. १६० हून अधिक वर्षांपूर्वीं रशियांतील एका खेड्यांत शेतकऱ्यांच्या मुलांस हीच अडचण पडली होती, आणि ती दूर करण्यासाठीं जगांतील एका श्रेष्ठ ग्रंथकारानें स्वतः शिक्षकाचें काम पत्करलें होतें. त्या काउंट लिओ टॉल्स्टॉय यांच्या चरित्राचा हा भाग आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

टॉल्स्टॉय यांचा जन्म १८२८ सालीं तुला शहराजवळील यास्नाया पोल्याना या घराण्याच्या जहागिरींत झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच त्यांची आई वारली, आणि नववें वर्ष पुरें होण्याच्या आंत वडीलही गेले. कझान येथील विश्वविद्यालय त्यांनीं पदवी न घेतांच १८४७ सालीं सोडलें. पुढें ते सैन्यांत शिरले व क्रिमियाच्या युद्धांत सेवास्तोपोलच्या वेढ्यांत लढले. तेथील कथांनीं त्यांचें नांव रशियाभर झालें.

कीर्ति अशी दाराशीं आली असतां त्यांचें मन दुसरीकडेच वेधलें. त्या काळीं रशियांतील कोट्यवधि शेतकरी जमीनदारांचे भूदास होते. त्यांची मुक्तता १८६१ सालीं झाली. त्यांच्या मुलांस अक्षरओळख करून देणारें कोणी नव्हतें. टॉल्स्टॉय यांनीं १८५९ सालीं आपल्या गांवीं त्यांच्यासाठीं विनामूल्य शाळा उघडली. पुढें जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड व बेल्जम येथें प्रवास करून त्यांनीं शाळा पाहिल्या. तेथें घोकंपट्टी व भीति यांचेंच राज्य पाहून ते खिन्न झाले. त्यांच्या स्वतःच्या शाळेंत सुमारें ४० मुलें-मुली होतीं. शिक्षा नव्हती, घरचा अभ्यास नव्हता.

लेखन शिकवितांना आरंभीं तेही चुकले. सोपा विषय म्हणून त्यांनीं मुलांस भाकरी, झाड अशा वस्तूंचें वर्णन करावयास सांगितलें. धान्य, पीक, पीठ असे मुद्देही काढून दिले, तरी मुलें रडकुंडीस आलीं. उलट, घडलेली गोष्ट लिही म्हटलें कीं तींच मुलें आनंदानें लिहूं लागत. मोठ्यांना जें सोपें वाटतें तें मुलांना सोपें असतेंच असें नाहीं, हा पहिला धडा गुरूलाच मिळाला.

पुढें एके दिवशीं त्यांनीं एक रशियन म्हण विषय म्हणून दिली. चमच्यानें भरवावयाचें आणि त्याच्याच दांड्यानें डोळा टोंचावयाचा, असा तिचा आशय. उपकार करून तो बोलून दाखविणाऱ्या माणसाची ती म्हण. मुलें गोंधळलीं. तेव्हां टॉल्स्टॉय स्वतःच गोष्ट लिहूं लागले. हळूहळू मुलें भोंवतीं जमलीं, चुका काढूं लागलीं, पुढें काय व्हावें तें सांगूं लागलीं. शेवटीं फेदका व सेमका हे दोन मुलगे उरले. ते सांगत होते आणि तो थोर लेखक लिहून घेत होता. गोष्टींतील शेजाऱ्यानें हातीं लागला तो बायकोचाच कोट अंगावर चढविला होता, एवढी बारीक खूण फेदकानें सांगितली, आणि त्या एका कोटावरून हिवाळ्यांतील संध्याकाळचें सारें घर टॉल्स्टॉय यांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. रात्रीचे अकरा वाजले तरी कोणास भान नव्हतें.

दुर्दैवानें तो कागद हरवला. त्यांच्याकडे रात्रीं राहिलेल्या मुलांनीं नकळत त्याचीं खेळणीं करून टाकलीं. टॉल्स्टॉय यांस अतिशय दुःख झालें. तें पाहून फेदका व सेमका त्यांच्या घरीं आले, खोलीचें दार लावून बसले आणि रात्रीं उशिरापर्यंत जागून सारी गोष्ट त्यांनीं आपली आपण पुन्हा लिहून काढली. पहिल्या वेळीं ज्यांनीं केवळ सांगितलें, त्यांनीं या वेळीं लेखणीही हातीं धरली.

हें कसें घडलें याचा टॉल्स्टॉय यांनीं बारकाईनें विचार केला व १८६२ सालीं आपल्या यास्नाया पोल्याना या मासिकांत तो प्रसिद्ध केला. लेखन हें एक काम नसून अनेक कामांचा भारा आहे, असें त्यांस दिसून आलें. अनेक कल्पनांतून एक निवडणें, तिला शब्द शोधणें, ती लक्षांत ठेवून योग्य जागीं घालणें, पुनरुक्ति टाळणें, मागचें पुढच्याशीं जोडणें, आणि हें सर्व चालू असतां हातानें लिहीत राहणें. इतकें ओझें लहान मुलाच्या डोक्यावर एकदम दिलें तर तें खालीं बसणारच. म्हणून आरंभीं यांतील बरींच कामें गुरूनें आपल्याकडे घ्यावीं व मग एकेक मुलाच्या स्वाधीन करावें, अशी त्यांची रीत होती. मुलांच्या निबंधांतील अक्षर, शुद्धलेखन वा वहीची टापटीप यांवर ते निबंध पाहतांना मुळींच टीका करीत नसत.

तथापि ही शाळा फार दिवस चालली नाहीं. १८६२ सालच्या उन्हाळ्यांत टॉल्स्टॉय प्रकृतीसाठीं समाराकडे गेले असतां सरकारी पोलिसांनीं संशयावरून त्यांच्या घराची झडती घेतली. आक्षेपार्ह कांहींच सांपडलें नाहीं, पण त्यांचें मन विटलें. त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला. पुढें शाळा बंद पडली व युद्ध आणि शांतता ही महाकादंबरी जन्मास आली. परंतु मुलांचा विसर त्यांस पडला नाहीं. १८७२ सालीं त्यांनीं मुलांसाठीं अंकलिपि प्रसिद्ध केली. तिचा खप झाला नाहीं, तेव्हां ती नव्यानें लिहून १८७५ सालीं पुन्हा काढली; तिच्या त्यांच्या हयातींतच वीसांहून अधिक आवृत्त्या निघाल्या. १९१० सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, ते निवर्तले.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलाची वही हातीं आली म्हणजे प्रथम त्यानें काय सांगितलें आहे तें पाहावें, मग चुका पाहाव्या. शुद्धलेखनाचें महत्त्व आम्ही जाणतों. पण सांगावयाची उमेदच मावळली तर शुद्ध तरी काय लिहावयाचें? आणि विद्यार्थिमित्रहो, पहिलें वाक्य सुचत नसेल तर निराश होऊं नका. आधीं गोष्ट कोणास तरी तोंडानें सांगा, आपण स्वतः पाहिलेली एक लहानशी खूण तींत घाला, आणि मग लेखणी उचला. शेतकऱ्याच्या पोरांस जें साधलें तें तुम्हांसही साधेल.