अग्निपरीक्षेतला राजा

फ्रान्समध्ये सीन नदीच्या मुखाशी वसलेल्या ल आव्र या बंदराच्या नगरचिन्हावर ज्वाळांत बसलेला मुकुटधारी सॅलॅमँडर दिसतो. पालीसारखा हा उभयचर प्राणी आगीत जळत नाही, उलट ती विझवतो, अशी युरोपात जुनी समजूत होती. सत्प्रवृत्तीचा अग्नी जोपासायचा आणि दुष्प्रवृत्तीचा विझवायचा, हा त्यामागील संकेत. हे चिन्ह मुळात शहराचा संस्थापक राजा पहिला फ्रान्स्वा याचे.

१२ सप्टेंबर १४९४ रोजी कोन्याक येथे जन्मलेला फ्रान्स्वा दोन वर्षांचा होण्यापूर्वीच पितृछत्राला पारखा झाला. आई लुईझने त्याला वाढवले. बाराव्या लुईला पुत्र नसल्याने १ जानेवारी १५१५ रोजी गादी त्याच्याकडे, म्हणजे लुईच्या जावयाकडे आली. त्याच वर्षी मारिन्यानोची लढाई जिंकून त्याने मिलान घेतले. १५१६ मध्ये लिओनार्दो दा विंचीला त्याने फ्रान्समध्ये आश्रय दिला. जुनी बंदरे गाळाने भरू लागल्याने १५१७ मध्ये ल आव्रच्या उभारणीचा आदेश निघाला.

मात्र २४ फेब्रुवारी १५२५ रोजी पाव्हियाच्या रणांगणावर तो सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हाती सापडला. १५२६ मध्ये माद्रिदच्या तहानंतर त्याची सुटका झाली, पण मोबदल्यात त्याचे दोन कोवळे मुलगे ओलीस गेले. त्याने तह मोडला आणि मुलांची कैद लांबली. वीस लाख सुवर्णमुद्रांची खंडणी ठरल्यावर १५३० मध्ये ते परतले. राजाच्या स्वातंत्र्याची किंमत मुलांनी मोजली होती.

१५३० मध्येच त्याने नेमलेल्या राजअध्यापकांतून पुढे कोलेज द फ्रान्स ही विद्यासंस्था आकाराला आली. १५३९ च्या फर्मानाने न्यायालयीन दस्तऐवजांत लॅटिनऐवजी फ्रेंच आली. पण १५३४ नंतर याच विद्याप्रेमी राजाच्या राज्यात प्रोटेस्टंटांना जिवंत जाळले गेले. १५४५ मध्ये प्रोव्हान्समधील वाल्डेन्सियन पंथीयांची गावे भस्मसात झाली. आग विझवण्याची ग्वाही देणारे चिन्ह मिरवणाऱ्या राजावरचा हा डाग पुसला गेला नाही. ३१ मार्च १५४७ रोजी रांबुय्ये येथे त्याचे निधन झाले.

पहिल्या महायुद्धात ल आव्रशेजारी आश्रय घेतलेल्या बेल्जियन सरकारच्या स्मरणार्थ नगरचिन्हाच्या कोपऱ्यात पुढे सिंह आला. सप्टेंबर १९४४ मधील बॉम्बवर्षावात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. वास्तुविशारद ऑग्युस्त पेरे याच्या आराखड्यानुसार तो पुन्हा उभा राहिला आणि २००५ मध्ये जागतिक वारसा ठरला. राजाचे चिन्ह त्याच्यापेक्षा त्याच्या शहरालाच अधिक शोभले.