दादोबा पांडुरंग आणि परमहंस सभा

मराठी व्याकरणकार म्हणून दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव सर्वश्रुत आहे. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले. धर्मसुधारक दादोबा मात्र त्या मानाने उपेक्षितच राहिले.

त्यांचा जन्म 1814 मध्ये मुंबईस एका भाविक वैष्णव कुटुंबात झाला. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून काही काळ राहून ते मुंबईस परतले व पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. तेथे 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजी आदी गुजराती मित्रांसह त्यांनी मानवधर्म सभा काढली. ईश्वर एक आणि मनुष्यमात्राची जात एक, हा तिचा आशय. सभेचे काम उघड चाले. मंत्रतंत्र करणाऱ्यांना जाहीर आव्हाने दिली जात. 1846 मध्ये दादोबांची मुंबईस बदली झाली आणि सभेचा जोर हळूहळू ओसरला.

मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा स्थापन झाली, ती मात्र गुप्त. असे का झाले असावे? जातीतून बहिष्कृत होणे म्हणजे त्या काळी मुलाबाळांची लग्ने, पंगत, अंत्यविधीचे खांदेकरीसुद्धा गमावणे होते. तरुण सभासद बहुधा आईवडिलांच्या छत्राखाली राहणारे. त्यांना उघड बंड पेलणारे नव्हते. नव्या सभासदाने ख्रिस्ती भटाऱ्याच्या हातचा पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, हा प्रवेशविधी होता. राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष होते. दादोबांच्या प्रार्थना बैठकीत म्हटल्या जात आणि त्यांचा 1843 मध्ये लिहिलेला 'धर्मविवेचन' हा ग्रंथ सभेच्या विचारांचा पाया ठरला. कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत व निर्दोष मानावयाचा नाही आणि कोणत्याही धर्मावर हल्ला करावयाचा नाही, ही तिची तत्त्वे. सभासदांची संख्या हजारावर गेली की सारे एकदमच प्रकट होणार होते. पुणे, अहमदनगर येथेही शाखा निघाल्या, पण तो हजाराचा आकडा काही गाठला गेला नाही. दादोबा स्वतः 1852 मध्ये डेप्युटी कलेक्टर होऊन नगरास गेले होते.

1860 मध्ये सभेचे दप्तर चोरीस गेले आणि सभासदांची नावे बाहेर फुटली. ज्या प्रसंगासाठी अकरा वर्षे तयारी चालली होती, तो अवेळी आला. आणि प्रकट होण्याऐवजी बहुतेक जण घाबरून पांगले. सभा मोडली. दादोबांसारख्या निर्भीड लेखकाने ग्रंथ लिहून पंचवीस वर्षे छापला नाही, हेही त्याच भयाचे द्योतक मानता येईल. 'धर्मविवेचन' प्रसिद्ध झाले ते 1868 मध्ये.

तोपर्यंत वारे बदलले होते. केशवचंद्र सेन यांच्या मुंबईतील व्याख्यानांनी नवे चैतन्य आले आणि 31 मार्च 1867 रोजी दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला. त्याची उपासना उघड होती. जुन्या सभेतील काही मंडळी त्यात आली. पण पावाचा विधी आणि जातित्यागाची अट मागे राहिली. प्रकट होण्यासाठी समाजाने धार कमी केली, असे म्हणावे लागते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे त्यामुळेच जोडली गेली, हेही तितकेच खरे.

दादोबांची जिज्ञासा अखेरपर्यंत शमली नाही. 1878 मध्ये स्वीडनबोर्ग या पाश्चात्त्य तत्त्वचिंतकाच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि 1880 मध्ये 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' प्रसिद्ध केले. मोडलेल्या सभेचे नाव वीस वर्षांनी त्यांनी स्वतःच छापून उघड केले. 1882 मध्ये ते निवर्तले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी 1947 मध्ये प्रकाशात आणले. त्यातील कथन मात्र परमहंस सभेच्या स्थापनेपूर्वीच थांबते.