खंजिरीवाले महाराज

मार्कशीट हातात आली की आपण आधी बॅक किती ते बघतो. वर विद्यापीठाच्या नावात तुकडोजी महाराज आहेत, तिकडे कोण बघतं? मी पण नाही. मी आलापल्लीची, पण शिकले कॉन्व्हेंटमध्ये. आजोबा रोज संध्याकाळी खंजिरी घेऊन महाराजांची भजनं म्हणायचे आणि मी कानात इयरफोन घालून बसायचे. आजोबा गेले तेव्हा भजनी मंडळातल्या काकांनी मला एक कडवं म्हणायला सांगितलं. मला एक ओळ येत नव्हती! सगळ्यांसमोर मान खाली गेली. मग मी महाराजांबद्दल वाचायला घेतलं.

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत एका शिंप्याच्या घरी माणिक बंडोजी इंगळे जन्मला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच. (आणि आपल्या डिग्रीवर त्यांचं नाव!) तुकड्या हे नाव दिलं वरखेडच्या आडकोजी महाराजांनी. पुढे हा पोरगा रामटेक, सालबर्डी, चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या जंगलात राहिला. आमच्याकडे अंधार पडल्यावर डेपोच्या पुढे कोणी एकटं जात नाही, म्हणून मला याचं जास्तच नवल वाटतं.

गाणी स्वतः रचायची, स्वतःच गायची, मराठीत आणि हिंदीतही. हातात फक्त खंजिरी. तेवढ्यावर गावंच्या गावं जमायची. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींकडे राहून आले.

पण खरी गोष्ट १९४२ ची. त्यांची भजनं ऐकून चिमूर पेटलं होतं. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, तिथे मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं मेली, इंग्रज सरकारचे अधिकारीही मारले गेले. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपूरला पकडलं, पुढे नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. गाण्याची सरकारला एवढी भीती वाटू शकते, हे मला पुस्तकात वाचून खरं वाटलं नसतं. पण आजी सांगते, तिच्या माहेरी चिमूरकडे म्हातारी माणसं हे सगळं काल घडल्यासारखं सांगायची.

नंतर राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेत गेले, तिथेही खंजिरी सोबत होतीच. ग्रामगीता लिहिली, तिच्यात गावसफाईपासून दारू, जातपात, बायकांचं शिक्षण सगळं आहे. ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीत ते गेले. नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं २००५ साली.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजोबांची खंजिरी काढली. कातडं सैल पडलं होतं. आजीने ती चुलीजवळ धरायला लावली, मग आवाज आला. आता दोन भजनं येतात. तिसऱ्यात ताल चुकतो, आणि रूममेट ओरडते.